लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी सीटची जागा कशी ठरवावी?

मंदगती

नमस्कार. गेल्या महिन्यात मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली, परंतु शेवटच्या साठ किलोमीटरांत माझे लक्ष रस्त्यापेक्षा सीटकडेच अधिक होते. पहिले तीन तास मला कोणताही त्रास होत नाही. चौथ्या तासापासून जांघेच्या मधल्या भागात, म्हणजे जो भाग सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकावर टेकतो तेथे, बधिरपणा येऊ लागतो आणि मग मी दर पाच मिनिटांनी पुढे-मागे सरकत राहतो. त्याच सुमारास दोन्ही हातांच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येतात. शिवाय उजव्या बाजूला, मांडी व बैठक जेथे मिळतात तेथे, कातडी सोलवटते. डाव्या बाजूला मात्र काहीही होत नाही.

आतापर्यंत मी तीन सीट बदलून पाहिल्या आहेत. पहिली सायकलसोबत आलेली अरुंद आणि कठीण होती, दुसरी जेल भरलेली रुंद होती आणि सध्याची तिसरी मध्यभागी खाच असलेली आहे. तिन्हींवर त्रास थोडाफार बदलला, पण गेला नाही. उंची मी टाचेच्या पद्धतीने ठरवली होती, म्हणजे टाच पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ होईल इतकी. सीटचे पुढचे टोक मी स्वतःच थोडे खाली झुकवले आहे. सायकल वाकड्या हँडलची म्हणजे रोड प्रकारची आहे, क्रँकची, म्हणजे पायडल ज्या फिरत्या दांड्याला जोडलेले असते त्याची, लांबी १७० मिलिमीटर आहे आणि बुटांना क्लीट, म्हणजे बूट पायडलमध्ये अडकवणाऱ्या पट्ट्या, आहेत.

पुढचे उद्दिष्ट ३०० किलोमीटरचे आहे व त्यासाठी वीस तास मिळतात. चौथी सीट घ्यावी, की आहे तीच सीट नीट बसवण्याचा प्रयत्न करावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातवा गिअर

सध्याच्या सीटवर चांगल्या जाडीचे जेलचे आवरण घालून पाहावे. मी स्वतः तेच वापरतो आणि मला कधीही त्रास झालेला नाही.

जुनी साखळी

सातवा गिअर यांचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही, परंतु ते एका वेळी किती तास सायकल चालवतात हेही त्यांनी सांगितले असते तर बरे झाले असते. तासाभराच्या फेरीसाठी मऊ सीट उत्तम असते. फेरी लांबली की मात्र तीच मऊ सीट उलटी वागते: बैठकीची दोन हाडे जेलमध्ये रुततात, त्यांच्या आजूबाजूचे आणि मधले जेल वर चढते आणि जो दाब हाडांनी घ्यायचा असतो तो मधल्या नाजूक भागावर येतो. त्या भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. हाडांवर दाब आला तर दुखते. नसांवर व रक्तवाहिन्यांवर आला तर बधिरपणा येतो. या दोन तक्रारींत गल्लत करू नये. हाडांच्या जागी दुखणे नव्या सीटवर काही आठवडे सहन करण्यासारखे असते व बहुधा कमी होत जाते. बधिरपणा सहन करण्याची सवय मात्र कधीही लावून घेऊ नये.

मंदगती, आपण सीट तीनदा बदलली, पण तिची जागा एकदाही बदललेली दिसत नाही. म्हणून चौथ्या सीटचा विचार तूर्त बाजूला ठेवून पुढील मोजमापे द्यावीत.

पहिले माप पायाच्या आतल्या लांबीचे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, पावलांत साधारण वीत भर अंतर ठेवावे आणि एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, त्याची कड भिंतीला काटकोनात टेकवून, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितक्या दाबाने जांघेत वर ओढावे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घ्यावे. हे तीनदा करावे, कारण पहिल्या खेपेला सर्वच जण पुस्तक संकोचाने सैल धरतात.

दुसरे माप क्रँक ज्याभोवती फिरते त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे, सीटच्या दांडीच्या रेषेत. तिसरे सीटचा झुकाव. त्यासाठी सायकल सपाट फरशीवर उभी करून सीटवर एक सरळ फळी आणि तिच्यावर पाणसळ किंवा कोन दाखवणारा फोन ठेवावा. आणि एक साधा प्रश्न: टाचेची पद्धत वापरली तेव्हा पायांत कोणते बूट होते?

मंदगती

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आज संध्याकाळी सर्व मोजले.

पायाची आतली लांबी तीन वेळा मोजून अखेर ८१ सेंटिमीटर भरली. पहिल्या खेपेला खरोखरच ८० आली होती. आसापासून सीटपर्यंत ७३.६ सेंटिमीटर आहे. झुकाव पुढच्या बाजूस ५ अंश आहे, जो मला केवळ ‘थोडासा’ वाटत होता. बुटांविषयी आपण विचारलेत तेव्हा आठवले की, त्या वेळी क्लीटचे बूट घेतलेले नव्हते आणि मी धावण्याचे बूट घालून उंची ठरवली होती, ज्यांची टाच चांगली तीन सेंटिमीटर जाड आहे. त्यानंतर एका फेरीत सोबतच्या गृहस्थांनी माझी सीट खाली दिसते असे म्हटल्यामुळे मी ती अंदाजाने आणखी थोडी वर घेतली होती.

जुनी साखळी

मग निम्मे कोडे येथेच सुटले.

उंचीसाठी दोन गणिते फार प्रचलित आहेत. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावांशी जोडलेल्या गणितात पायाच्या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणतात आणि येणारे अंतर आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत धरतात. आपल्या बाबतीत ते ७१.५ सेंटिमीटर येते. हॅमली आणि थॉमस यांच्या १९६७ च्या अभ्यासातून पुढे आलेले दुसरे गणित आतल्या लांबीच्या १०९ टक्के अंतर धरते, परंतु ते खाली गेलेल्या पायडलच्या दांडीपासून मोजतात. ८१ चे १०९ टक्के ८८.३ होतात; त्यातून १७ सेंटिमीटरची क्रँक वजा केली की ७१.३ उरतात. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या उत्तरांत अवघा दोन मिलिमीटरांचा फरक आहे आणि आपली सीट त्या दोन्हींपेक्षा दोन सेंटिमीटरांहून अधिक उंच आहे.

टाचेची पद्धत मुळात वाईट नाही, मात्र ती ज्या बुटांनी सायकल चालवायची त्याच बुटांनी करायची असते. टाच जितकी जाड, तितकी सीट वर जाते. शिवाय पाय सरळ करण्याच्या प्रयत्नात कंबर नकळत त्या बाजूला कलते, आणि ती कलली की पाय खोटाच लांब होतो. त्यावर सोबत्यांच्या सल्ल्याची भर पडली. रस्त्यावरून जाता जाता दुसऱ्याची सीट उंच की खाली हे सांगणाऱ्यांची आपल्या छंदात कधीही टंचाई नसते.

सीट प्रमाणाबाहेर उंच असली की पायडल तळाला नेताना पाय पुरत नाही, म्हणून कंबर आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे घसरते. प्रत्येक फेऱ्यात मधला नाजूक भाग सीटवर घासला आणि दाबला जातो. मिनिटाला ८० फेरे धरले तर चार तासांत असे १९,२०० फेरे होतात, म्हणजे चौथ्या तासाला सुरू होणारा त्रास चौथ्या तासात निर्माण झालेला नसतो. एखाद्याला मागून सायकल चालवून आपल्या कमरेकडे पाहण्यास सांगावे, किंवा सायकल घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे ती जागच्या जागी चालवण्याच्या साधनावर, लावून मागून चित्रफीत घ्यावी. कंबर डोलताना दिसेल अशी माझी खात्री आहे.

झुकावाचे आणि हातांच्या मुंग्यांचे नातेही सरळ आहे. बधिरपणा टाळण्यासाठी आपण टोक खाली केले, त्यामुळे शरीर सतत पुढे घसरू लागले आणि ते थोपवण्याचे काम हातांवर आले. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने जी नस जाते तिच्यावर हँडलचा दाब राहिला की नेमक्या करंगळीला व अनामिकेला मुंग्या येतात. म्हणजे एक चूक झाकण्यासाठी केलेली दुसरी चूक हातांत उगवली आहे.

एक विनंती: सीट एकदम दोन सेंटिमीटर खाली घेऊ नये. महिनोन्महिने एका उंचीला सरावलेले स्नायू आणि गुडघे अशा उडीवर रागावतात. एका वेळी चार-पाच मिलिमीटर खाली घ्यावी, त्या जागेवर दोन-तीन फेऱ्या कराव्यात आणि मग पुढचा टप्पा घ्यावा. सुरुवातीला सीटच्या दांडीभोवती रंगीत चिकटपट्टीची खूण करावी म्हणजे मूळ जागा हरवत नाही. तूर्त झुकाव पाण्यासारखा समतल करावा.

चढणप्रेमी

उंचीबद्दल सहमत आहे, परंतु सीट पुढे-मागे किती असावी याचा उल्लेख अद्याप आला नाही. त्यासाठी ओळंब्याची पद्धत सर्वांत विश्वासार्ह आहे. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर ठेवाव्यात, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडावा आणि तो पायडलच्या दांडीवरून जाईल अशी सीट सरकवावी. मी प्रत्येक सायकलवर हेच करत आलो आहे.

निळी सायकल

चढणप्रेमी, पद्धत सोयीची आहे हे मान्य करूनही तिला नियम मानण्यास माझा विरोध आहे. ओळंबा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवतो. गुडघ्याच्या सांध्याला त्या दिशेशी काही देणेघेणे नाही. जमिनीलगत मागे रेलून चालवायच्या सायकलींवर गुडघा पायडलच्या वर कधीच येत नाही, तरीही ते सायकलस्वार शेकडो किलोमीटर सुखाने जातात. सायकलींचे प्रसिद्ध रचनाकार कीथ बॉन्ट्रेगर यांनी हा आक्षेप फार पूर्वी घेतला होता आणि त्यांचे म्हणणे मला पटते. सीट पुढे-मागे सरकवण्याचा मुख्य परिणाम गुडघ्यापेक्षा शरीराच्या तोलावर होतो.

तोल तपासण्याची माझी रीत अशी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मध्यम जोराने पायडल मारत असताना, नेहमीच्या वाकलेल्या स्थितीत, हातांचा भार हळूच काढून घ्यावा. हँडल सोडायचे नाही, केवळ तळवे त्याच्यावर तरंगते ठेवायचे. धड काही क्षण आहे तेथेच राहिले तर सीटची जागा जवळपास बरोबर आहे. धड लगेच पुढे कोसळू लागले तर सीट अधिक मागे हवी. सीट मागे गेली की बैठक पायांच्या मागे जाते आणि पुढे वाकलेल्या धडाला प्रतिभार मिळतो. आपणही उभे राहून जमिनीवरची वस्तू उचलताना कंबर आपोआप मागे नेतोच. भिंतीला टाचा लावून वाकून पाहिल्यास मुद्दा लगेच पटेल.

चढणप्रेमी

भिंतीचा प्रयोग केला आणि तोंडावर पडता पडता वाचलो. मुद्दा मान्य. तरीही सुरुवात कोठून करावी हे ज्याला ठाऊक नाही त्याला ओळंबा एक ठिकाण देतो, एवढा तरी त्याचा उपयोग शिल्लक ठेवावा.

निळी सायकल

सुरुवातीपुरता तो जरूर ठेवावा.

या निमित्ताने सीटच्या रुंदीबद्दलही लिहिते, कारण मंदगती यांनी तीन सीट घेतल्या, पण स्वतःच्या हाडांचे माप घेतल्याचे कोठेही लिहिलेले नाही. नालीदार पुठ्ठ्याचा, म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्याचा, एक तुकडा कठीण बाकावर ठेवून त्यावर किंचित पुढे वाकून, टाचा थोड्या उचलून बसावे आणि मिनिटभराने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर बहुतेकांचे साधारण १०० ते १४० मिलिमीटर या पट्ट्यात असते. स्त्रियांचे हे अंतर सरासरीने अधिक भरते, पण बाहेरून शरीर पाहून ते ओळखता येत नाही. माझ्या ओळखीतील सर्वांत किरकोळ बांध्याच्या व्यक्तीला सर्वांत रुंद सीट लागते. त्या अंतरात सुमारे दोन सेंटिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा पहिला अंदाज मिळतो. जितके ताठ बसायचे तितकी सीट रुंद, जितके खाली वाकायचे तितकी ती अरुंद चालते, कारण वाकल्यावर कंबर पुढे फिरते आणि हाडांचा पुढचा, एकमेकांजवळ येणारा भाग सीटवर टेकतो.

स्त्रियांच्या बाबतीत या बधिरपणाबद्दल पुरेसे बोलले जात नाही. मी स्वतः दोन वर्षे तो ‘सायकल चालवली की होणारच’ असे समजून सोसला. माझ्या सीटची रुंदी माझ्या हाडांपेक्षा कमी होती, त्यामुळे हाडे सीटच्या कडांबाहेर राहत होती आणि सगळे वजन मधोमध येत होते. एवढी रुंदी बदलल्यावर बाकी काहीही न बदलता निम्मा त्रास गेला. अनेक उत्पादक एकच सीट दोन किंवा तीन रुंदींत बनवतात, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हते.

रात्रीचा दिवा

मी ६०० किलोमीटरच्या काही ब्रेव्हे केल्या आहेत, ज्यांना चाळीस तासांची मुदत असते, म्हणून सीटच्या जागेपेक्षा सीटवर घालवलेल्या वेळेबद्दल दोन शब्द लिहितो.

जगातली कोणतीही सीट, ती कितीही अचूक बसवलेली असो, सलग दोन तास न हलता बसण्यासाठी नसते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पायडलवर उभे राहून दहा-वीस फेरे मारावेत. चढावर ते आपोआप घडते. सपाट रस्त्यावर, विशेषतः पाठीमागून वारा असताना, माणूस विसरतो आणि म्हणूनच सपाट वाटेवरच्या ब्रेव्हेत बैठकीचे हाल अधिक होतात. मी घड्याळात दर वीस मिनिटांनी खूण वाजेल अशी सोय केली आहे. रात्री झोपेने डोके जड झाले की तीच खूण दुहेरी उपयोगी पडते.

दुसरे म्हणजे चड्डी. पॅड असलेल्या सायकलच्या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालू नये, कारण त्याची शिवण नेमकी घर्षणाच्या जागी येते. पॅड जाड असण्यापेक्षा जागेवरून न सरकणारे असावे. जाड पॅड आणि मऊ सीट एकत्र आल्या की जुनी साखळी यांनी सांगितलेला रुतण्याचा प्रकार दुप्पट होतो. कातडीवर घर्षण कमी करणारे मलम निघण्यापूर्वीच लावावे. सोलवटल्यावर लावून ते झोंबण्याखेरीज काही करत नाही.

आणि जे सतत सीटशी खेळत राहतात त्यांना लाज वाटू नये म्हणून सांगतो: एडी मर्क्स हे थोर सायकलपटू सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रान्समधील ब्ल्वा येथील ट्रॅकवर भीषण अपघातात सापडले, त्यांच्या कमरेला कायमचे दुखणे जडले आणि त्यानंतर सीटची उंची बदलत राहणे हा त्यांचा स्वभावच झाला. शर्यत चालू असतानाही ते सीट वर-खाली करत असत.

सातवा गिअर

मला वर विचारले होते म्हणून सांगतो, माझी सर्वांत लांब फेरी ३५ किलोमीटरची आहे. आवरणाविषयीचा सल्ला त्या मर्यादेत वाचावा.

मंदगती

पाच आठवड्यांनी परत येत आहे, कारण मधल्या काळात लिहिण्यासारखे थोडे आणि चालवण्यासारखे पुष्कळ होते.

मागून घेतलेल्या चित्रफितीत कंबर इतकी डोलत होती की घरातल्यांना हसू आवरले नाही. सीट समतल केली आणि चार टप्प्यांत खाली आणली. ७२.६ वर आल्यावर डोलणे जवळजवळ थांबले. ७१.५ वर, म्हणजे गणिताच्या उत्तरावर, दोन फेऱ्या केल्या, तेव्हा चढावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती, दुखू लागले. पुन्हा चार मिलिमीटर वर घेऊन ७१.९ वर थांबलो आणि ते दुखणे गेले.

पुठ्ठ्यावर हाडांमधले अंतर ११८ मिलिमीटर आले. माझी सध्याची तिसरी सीट १४३ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे रुंदीत दोष नव्हता. चौथी सीट घेतली नाही.

बधिरपणा १२० किलोमीटरच्या फेरीत अजिबात आला नाही. हातांच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, परंतु पूर्ण गेल्या नाहीत. एक नवी गोष्ट जाणवते: पूर्वीपेक्षा मी सीटच्या अगदी मागच्या कडेवर बसतो आणि तरीही आणखी मागे जावेसे वाटते. यात काही चुकते आहे का?

जुनी साखळी

काहीही चुकत नाही, उलट शरीर योग्य दिशा दाखवत आहे. सीटची दांडी उभी नसते; रोड सायकलीत ती जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करते. त्यामुळे सीट एक सेंटिमीटर खाली आली की ती सुमारे तीन मिलिमीटर पुढेही येते. आपण १७ मिलिमीटर खाली आलात, म्हणजे सीट न कळत पाच मिलिमीटर पुढे सरकली. सीटखालच्या सळ्यांवरील पकड सैल करून ती तेवढी मागे न्यावी आणि निळी सायकल यांची तोलाची चाचणी करावी. मात्र मागे नेल्याने पायडलपर्यंतचे अंतर किंचित वाढते, म्हणून उंची पुन्हा मोजावी. उंची, पुढे-मागे आणि झुकाव ही तीन वेगवेगळी मापे दिसतात, पण एकाला हात लावला की उरलेली दोन हलतात. म्हणून बदल एका वेळी एकच करावा आणि वहीत तारीख, माप व जाणवलेला फरक लिहून ठेवावा.

गुडघ्याने जे सांगितले तेही नोंदवण्यासारखे आहे. पुढच्या बाजूला दुखले तर बहुधा सीट खाली किंवा फार पुढे असते. मागच्या बाजूला, शिरेत ओढ बसली तर बहुधा ती उंच किंवा फार मागे असते. गणित पायाची लांबी जाणते, पण पाऊल किती लांब आहे, पायडल मारताना टाच किती वर राहते, बुटाचा तळवा किती जाड आहे आणि क्लीट चवड्याच्या पुढे आहे की मागे, यांतले काहीही ते जाणत नाही. क्लीट टाचेच्या दिशेने सरकवली तरी पाय किंचित आखूड झाल्यासारखा होतो. त्यामुळे गणितापेक्षा चार मिलिमीटर वर स्थिरावलात याचे मला नवल वाटत नाही. नेमक्या गणितावर स्थिरावला असता तर थोडे वाटले असते.

हातांसाठी आता हँडलकडे पाहावे. सीट खाली आल्यामुळे सीट आणि हँडल यांच्या उंचीतले अंतर आपोआप १७ मिलिमीटरने कमी झाले आहे आणि मुंग्या कमी होण्यात त्याचाही वाटा असणार. सीट मागे गेली की हँडल पाच मिलिमीटर लांब वाटेल. धड ताणले जात असेल तर हँडल धरणारी आडवी नळी, म्हणजे स्टेम, एक सेंटिमीटर आखूड घ्यावी. हँडल जवळ यावे म्हणून सीट पुढे सरकवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. सीटची जागा पायांवरून व तोलावरून ठरते आणि हँडल मग सीटपर्यंत आणायचे असते.

चढणप्रेमी

एक तांत्रिक बाब. झुकाव बदलताना काही सीटपोस्टच्या, म्हणजे सीटच्या दांडीच्या, माथ्यावर एकच बोल्ट आणि दातेरी पकड असते. तेथे कोन दात्यादात्याने बदलतो आणि हवा तो अर्धा अंश मिळतच नाही. पुढे-मागे दोन बोल्ट असलेल्या माथ्यावर एक सैल करून दुसरा आवळत अगदी बारीक फरक करता येतो. मंदगती यांना समतल जागेवरून अंशभर पुढे झुकवून पाहायचे असेल, तर आधी आपला माथा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. आणि बोल्ट आवळताना माथ्यावर कोरलेली जोराची मर्यादा पाळावी. सीटपोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीसऐवजी त्यासाठीचा खरखरीत लेप लावावा, अन्यथा तो खड्ड्यागणिक खाली घसरतो आणि मेहनतीने शोधलेली उंची शंभर किलोमीटरांत हरवते.

निळी सायकल

अंशभर झुकवण्यास हरकत नाही. खोलगट सीटवर फळी दोन टोकांवर टेकते आणि पाणसळ फसवा आकडा दाखवते, त्यामुळे फळी सीटच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावर ठेवून मोजावे. मंदगती, उजव्या बाजूच्या सोलवटण्याचे काय झाले, ते आपण लिहिलेच नाही.

मंदगती

ते राहून गेले, कारण ते तसेच आहे. कमी झाले, पण केवळ उजवीकडेच होते.

रात्रीचा दिवा

एकाच बाजूला त्रास असेल तर पायांच्या लांबीत फरक असण्याची शक्यता असते, आणि तो फरक जास्त असेल तर जाणकाराकडून तपासून घेणे बरे. पण त्याआधी फुकटातली तपासणी करावी. सायकलच्या मागे उभे राहून एक डोळा मिटावा आणि सीटचे पुढचे टोक वरच्या आडव्या नळीच्या बरोबर मध्यावर येते का, ते पाहावे. सीट किंचित तिरकी बसलेली असणे ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणी पाहतच नाही.

जुनी साखळी

आणि त्याच वेळी सीटखालच्या दोन्ही सळ्यांना हात लावून पाहावे. एखादी सळी वाकलेली असली, तर सीट एका बाजूला बसते. जुन्या सीटचा पृष्ठभागही एका बाजूला अधिक खचतो.

मंदगती

३०० किलोमीटर काल पूर्ण झाले, १७ तास ४० मिनिटांत.

आधी तपासणीविषयी. सळ्या सरळ होत्या, पण सीटचे टोक डावीकडे वळलेले होते, मोजले तर सहा मिलिमीटर. उंची बदलताना दर वेळी मी सायकलच्या एकाच बाजूला उभा राहून बोल्ट आवळत होतो आणि बहुधा प्रत्येक वेळी सीट थोडी फिरत होती. अर्थात मूळचा त्रास त्याआधीचा आहे, म्हणजे ती पहिल्यापासूनच वळलेली असावी. आता दांडीवर उंचीच्या खुणेसोबत एक उभी रेघही आखली आहे, जी सायकलच्या नळीवरील रेघेशी जुळवायची.

सीट पाच मिलिमीटर मागे, झुकाव पुढे एक अंश, उंची ७१.९. हँडलची नळी बदलली नाही, कारण तोलाच्या चाचणीत धड स्थिर राहिले आणि ताणही जाणवला नाही. बधिरपणा संपूर्ण वाटेत आला नाही. करंगळीच्या मुंग्या २२० व्या किलोमीटरच्या सुमारास आल्या. त्या वेळी रस्ता खडबडीत होता आणि मी बराच वेळ हातांची पकड बदलली नव्हती. पकड बदलल्यावर पंधरा मिनिटांत गेल्या. उजवीकडील कातडी लाल झाली, सोलवटली नाही. हाडांच्या जागी मात्र शेवटचे तीन तास चांगलेच दुखले.

रात्रीचा दिवा

अभिनंदन. हाडे दुखली हे शुभवर्तमान समजावे, वजन शेवटी जेथे जायला हवे तेथे गेले. वीस मिनिटांची खूण लावली होती का?

मंदगती

लावली होती. अंधार पडल्यावर तिचा आवाज त्रासदायक वाटू लागला म्हणून बंद केली, आणि हाडे दुखू लागली ती त्यानंतरच. ४०० ला चालू ठेवीन. तोवर एक शंका: लांब फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत का?

चढणप्रेमी

अवश्य. नव्याने बसवलेली सीट पहिल्या काही फेऱ्यांत सळ्यांवर थोडी बसते आणि पकड सैल होते. सीटखालून करकर असा आवाज येऊ लागला तर तो बहुधा त्याचाच असतो.

मंदगती

तपासले. पुढचा बोल्ट पाव फेरा आवळला गेला. उभी रेघ जुळते आहे, उंची ७१.८ भरते आहे. एक मिलिमीटर कोठे गेला ते उद्या पाहतो.